सालीसकट लसूण

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते आणि आत कुणी काही बोलत नव्हतं.

ती शांतता तिथली नव्हती. अंगणात माझ्या चपला वाजल्या तेव्हा ती घाईघाईनं आणून मधे ठेवली गेली असावी, अवचित आलेल्या पाहुण्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवतात तशी. नाना ओट्याजवळच्या स्टुलावर बसले होते, उजवा हात पंच्याखाली झाकलेला. शेजारच्या कुमुदबाई नळाखाली काहीतरी विसळत होत्या. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी पाणी वाहत होतं. आणि सगळ्या खोलीभर कच्च्या लसणाचा वास होता, ताजा, धारदार. माझ्या घरात, मी नसताना, दुपारच्या त्या वेळी त्या वासाला काही कारण नव्हतं.

“लवकर सुटलीस,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी नळ बंद केला.

“दुसरा तास झालाच नाही. मुलं संमेलनाच्या तालमीला पळाली.” मी नानांकडे पाहत होते. “जेवलात?”

“जेवलो.”

सकाळी निघताना मी झाकून ठेवलेलं ताट ओट्याच्या कोपऱ्यात होतं. झाकण मी ठेवलं होतं तसंच, किंचित तिरकं. मी ते उचललं. वरणात कुस्करलेली भाकरी वाळून ताटाला धरली होती.

“मी आणली होती शेवभाजी,” बाई लगेच म्हणाल्या. “वाटीभर. सरांना आवडते म्हणून.”

“नानांना तिखट वर्ज्य आहे.”

“वर्ज्य कुठं आहे? कमी सांगितलंय डॉक्टरांनी.”

नाना आपल्या पायांकडे पाहत होते. मी बाईंच्या हातातली वस्तू पाहिली. चिमटा आणि अडकित्ता यांच्या मधलं काहीतरी. दोन जाड चकचकीत दांडे, टोकाला लहानशी वाटी, तिच्या तळाशी बारीक भोकं.

“आणि हे काय?”

“लसणाचा प्रेस. आमच्या अनिरुद्धनं पाठवलाय जर्मनीहून. आपला शेवेचा सोऱ्या असतो ना, त्याचा हा नातू समज. पाकळी सोलायचीसुद्धा नाही. सालीसकट आत ठेवायची, दाबायचं. लसूण खाली पडतो, साल आत राहते.”

“आणि ती भोकं कोण साफ करणार?”

“काडीनं होतात.”

“म्हणजे लसूण सोलण्याचा वेळ वाचवायचा आणि यंत्राचे दात कोरत बसायचं.”

नानांच्या ओठाची उजवी कड हलली. डावी अलीकडे हलत नसे.

“निम्मा लसूण आतच चिकटून राहत असेल,” मी म्हणाले. “खलबत्त्यात एक ठोका घातला की काम होतं. जे काम दगडधोंड्यानंही होतं, त्यासाठी परदेशातून अवजार आणायचं, हे मला तरी कळत नाही.”

“तुझी आई असती तर म्हणाली असती, ठेवून जा बाई, बघते वापरून.”

“आईनं जन्मभर खलबत्ताच वापरला.”

“तिला कुणी दुसरं काही दिलंच नाही ना.” बाईंनी प्रेस पदराला पुसला, ओट्यावर ठेवला आणि चपला शोधत मागच्या दाराकडे गेल्या. “राहू दे इथंच. नको असला तर भिंतीवरून टाक आमच्या अंगणात.”

त्या गेल्या. नाना म्हणाले, “थोडा पडतो.” आणि तेही आतल्या खोलीत गेले, भिंतीला हात न लावता, सावकाश.

आम्ही भुसावळला राहत होतो. नानांचे टंकलेखनाचे वर्ग होते. गावातल्या अर्ध्या कारकुनांची बोटं त्यांनी घडवली, असं लोक म्हणत. माझं बालपण त्या टकटकीच्या पावसात गेलं. पुढं यंत्रं मुकी झाली, वर्ग बंद पडला, आई गेली. आणि मग एका सकाळी दाढी करताना नानांच्या हातून आरसा निसटला. डावं अंग झोपलं. पाय हळूहळू जागा झाला, हात मात्र खांद्याला लोंबत राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याकडे ठेवायला दिलेला असावा तसा.

तेव्हापासून ते घर मी चालवत होते. कॉलेजात तासिकांवर शिकवत होते, उरलेला सगळा दिवस नानांचा होता. त्यांचा सदरा मी घालत असे, भाकरी कुस्करून देत असे, पाणी ओठांशी धरत असे. लसूण मी सोलत असे. एका हातानं लसूण सोलता येत नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावताना ते मान वर करून छताकडे पाहत. त्या क्षणी ते मला अतिशय जवळचे वाटत. आईच्या हयातीत ते माझे कधीच इतके नव्हते.

साताऱ्याच्या एका कॉलेजात मला कायमची जागा देऊ केली होती. आजारपणाच्या पहिल्या वर्षी मी एकदा नकार कळवला होता. त्या हिवाळ्यात जागा पुन्हा रिकामी झाली आणि तिथल्या प्राचार्यांनी आपणहून फोन केला. महिन्याअखेर कळवायचं होतं.

“साताऱ्याचं काय करतेस?” नानांनी एकदा विचारलं होतं.

“काय करायचं? जमत नाही म्हणून सांगून टाकीन.”

“हं,” ते म्हणाले होते. त्या ‘हं’मध्ये मी कृतज्ञता ऐकली होती.

आता मात्र मी घर वाचू लागले. शंकेनं पछाडलेला नवरा बायकोच्या कपड्यांच्या घड्या वाचतो, तसं. प्रेस मी वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं सारला होता. दुसऱ्या दिवशी तो खिडकीच्या कठड्यावर होता, ओला. मी पुन्हा वर ठेवला. तो पुन्हा खाली आला. केराच्या डब्यात लसणाच्या साली सापडत. पण मी सोलते तेव्हा पडतात तशा मोकळ्या, उडणाऱ्या नव्हेत. चपट्या, दाबून रस काढलेल्या, उजेडाला जळून पडलेल्या पाखरांसारख्या. ताटाखाली घडी घातलेलं एक ओलं फडकं असे, ते माझं नव्हतं. कढईच्या तळाशी एखादा करपलेला काळा ठिपका राही. मी कढई अशी कधी ठेवत नसे.

आणि नाना बदलत होते. ते संध्याकाळी कमी जेवू लागले. मी घास पुढं केला की मान वळवून म्हणत, “पोट भरलंय.” कशानं, हे सांगत नसत. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना लसणाचा वास येई. बाईंच्या वाटीत त्यांनी भाकरी बुडवली असेल, असं मी मनाशी धरलं होतं. एकदा फाटक उघडताना मला आतून त्यांचं हसणं ऐकू आलं. आजारानंतर त्या हसण्यात एक खरखर आली होती, मला वाटायचं ते हसणं संपलंच. ते संपलं नव्हतं, ते दुपारी होत होतं.

“बाई रोज येतात?” मी त्यांना विचारलं. संध्याकाळ होती, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते.

“येतात अधूनमधून.”

“आणि काय करता?”

“बोलतो.”

“स्वयंपाकघरात?”

“तिथं ऊब असते जरा.”

“रग आहे ना पायांवर. बैठकीत ऊन येतं दुपारी.”

“चारू,” नाना म्हणाले, “बाईंच्या शाळेत तू होतीस ना? स्वयंपाक त्याच शिकवायच्या?”

“गृहविज्ञान. का?”

“चांगलं शिकवत असतील.”

“मारकुट्या होत्या.”

ते पुन्हा हसले, ते दुपारचं हसणं, आणि माझ्या तळहातातला त्यांचा पाय मला एकाएकी जड वाटला.

अखेर मी बाईंनाच गाठलं. त्या आपल्या बाजूला भिंतीवर गोधडी वाळत घालत होत्या.

“बाई, तुमच्या मनात काय आहे?”

“कशाबद्दल?”

“नानांबद्दल.”

त्यांनी गोधडीची सुरकुती काढली, दुसरी काढली, आणि मग त्यांना जे हसू आलं ते आवरेना. त्यांनी भिंतीवर हात टेकला.

“अगं, एका माणसाचं पथ्यपाणी करून मी मोकळी झालेय. या वयात मला नवरा नको, गुडघे हवेत. कुठं मिळत असले तर सांग.”

“मग रोज येता कशाला?”

“बोलावतात म्हणून येते.”

“नाना बोलावतात?”

“मग काय भिंत बोलावते?” त्यांचं हसू ओसरलं. “तू त्यांनाच का विचारत नाहीस?”

“विचारलं. सांगत नाहीत.”

“की तू ऐकत नाहीस?” बाई म्हणाल्या. “शाळेतही तुझं असंच होतं. पदार्थ होण्याआधी झाकण उघडायचीस आणि कच्चा आहे म्हणायचीस.”

त्यांनी नाकारलं होतं. पण त्या नाकारण्यानं माझ्यातली आग विझली नाही, तिला नवं इंधन मिळालं. नाना बोलावतात. मला ते कधी बोलावत नसत. मी तिथं असेच.

मी ठरवलं, रविवारी भरीत करायचं आणि बाईंना जेवायला बोलवायचं. घर कुणाचं आहे, हे माणसाला जेवायला बोलावूनच सांगता येतं. शिवाय लसणाचा खरा निवाडा भरितातच होतो.

आता मी राहते त्या गावात भरिताची वांगी मिळत नाहीत. काळी, तेलकट दिसणारी वांगी मिळतात, त्यांचं नुसतं भाजून काहीतरी होतं. आमच्याकडची वांगी फिकी हिरवी, लांबोडकी, हातात घेतली तर झोपलेल्या मुलासारखी ऊबदार वजनाची. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची आणि बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे लाकडी, पसरट उखळ. डाव्या हातानं ते धरायचं आणि उजव्या हातातल्या मुसळीनं वांगं, भाजलेली मिरची, लसूण एकजीव करायचा. आणि आमच्या भागात हे काम पुरुषांचं. बायका पुऱ्या करतात, भरीत पुरुष करतात. शेतावर, अंगणात, जिथं चार माणसं जमतील तिथं. नानांना एरवी चहाही येत नसे, पण त्यांच्या हातच्या भरितासाठी लोक फैजपूरहून येत. आजारानंतर बडगी माळ्यावर गेली होती. ती मी काढली, धुतली, उन्हात ठेवली.

“कोण ठेचणार?” शनिवारी बाईंनी विचारलं.

“मी.”

बाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी बडगीकडे पाहिलं. मी ते दोन्ही पाहणं पाहिलं.

रविवारी सकाळी अंगणात थंडी होती. काड्या पेटल्या, वांग्यांची साल काळवंडून फुगली आणि फाटली, आतून वाफेची लहान शिट्टी निघाली. नाना खुर्चीत बसून लांब काठीनं वांगी उलटत होते. मी काठी मागितली तर त्यांनी ती दिली नाही. “धूर जाईल डोळ्यांत,” मी म्हणाले. “जाऊ दे,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात मी जमिनीवर बसले, बडगी पायांच्या मधे घट्ट धरली. बाई पाटावर बसून कांद्याची पात चिरत होत्या. नाना स्टुलावर. मी वांग्यांचा गर बडगीत घातला, मिरच्या घातल्या, आणि सोललेल्या पाकळ्यांची वाटी जवळ ओढली. रात्रीच सोलून ठेवल्या होत्या, एकेक, नखानं, साल न फाटता.

“बघा बाई,” मी म्हणाले, “लसूण असा ठेचला की त्याचा तंतू मोडतो, रस मोडत नाही. यंत्रात त्याचा चिखल होतो.”

“कुणी शिकवलं हे?”

“नानांनी.”

लसणाआधी मिरच्या मोडायला मी मुसळी उचलली. पहिला ठोका पडला. दुसरा. लाकडावर लाकडाचा तो भरदार आवाज किती दिवसांनी घरात घुमला. मला वाटलं, मी नानांना त्यांचंच काहीतरी परत देते आहे, आणि तेही त्या बाईच्या डोळ्यांदेखत. मी मान वर केली, त्यांचा चेहरा बघायला.

नाना आपल्या डाव्या हाताकडे पाहत होते. तो मांडीवर पडला होता. मुसळीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याची बोटं किंचित हलत होती, की मला तसं वाटलं.

“थांब,” ते म्हणाले.

“आता होतंच आलंय.”

“लसूण राहू दे. लसूण मी करतो.”

“तुम्ही?”

“बाई, प्रेस द्या.”

बाईंनी विळी बाजूला सारली, उठल्या, वरच्या फळीवरच्या डब्यांमागून प्रेस काढला. तो कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, आणि हात पुसत म्हणाल्या, “मी पुऱ्या तळून आणते. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ भिजवून ठेवलंय घरी.” त्या मागच्या दारानं गेल्या.

नाना स्टुलावरून उठले आणि त्यांनी टोपलीतला लसणाचा अख्खा गड्डा घेतला. माझ्या सोललेल्या पाकळ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. गड्डा ओट्यावर ठेवला, त्यावर तळहात टेकला आणि अंगाचा भार दिला. गड्डा कचकन फुटला, पाकळ्या विखुरल्या. प्रेस उघडा, आडवा ठेवला. त्याच्या वाटीत एक पाकळी ठेवली, सालीसकट. दांडा मिटला, मग दोन्ही दांडे मुठीत धरून तो उचलला आणि दाबला. त्यांच्या मनगटाची शीर वर आली. भोकांतून पांढरे, ओले तंतू बाहेर पडले. त्यांनी प्रेस पुढ्यातल्या ताटाच्या काठावर टेकवला, चमच्याच्या कडेनं ते ताटात खरवडले, प्रेस उघडला, चपटी साल उलट्या चमच्यानं ढकलून केरात टाकली. दुसरी पाकळी ठेवली.

त्यांच्या ताटाखाली ते ओलं फडकं होतं. ताट सरकू नये म्हणून.

मी बडगी पायांत धरून तशीच बसले होते. ते काही दाखवत नव्हते, हेच मला सहन होत नव्हतं. एखादं माणूस आपल्यासमोर एकाएकी परकी भाषा अस्खलित बोलू लागावं, आणि ती त्यानं कुणाच्या घरी बसून आत्मसात केली असेल याचा आपण हिशेब करत राहावं, तसं मला झालं होतं. त्या सहजतेत कितीतरी दुपारी होत्या. त्यांतली एकही माझी नव्हती. पाकळी पहिल्यांदा निसटून जमिनीवर गेली असेल, ती बाईंनी उचलली असेल. पहिल्यांदा रस डोळ्यांत उडाला असेल, तेव्हा ते दोघं हसले असतील.

त्यांनी गॅस पेटवला. कढईत तेल घातलं, तापू दिलं, मग गॅस बंद केला आणि तेव्हाच लसूण सोडला.

“दाबलेला लसूण चटकन करपतो,” ते म्हणाले. माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही. “आधी रोज करपायचा.”

“शेवभाजी बाईंनी आणली नव्हती,” मी म्हणाले.

“नाही.”

“तुम्ही केली होती.”

“खारट झाली होती. पण केली होती.”

त्यांनी बडगीकडे हात केला. मी ती उचलून ओट्यावर ठेवली. चमच्यानं त्यांनी गर कढईत ओढला, ढवळला, पात घातली. शेवटी एक घास ताटलीत काढून माझ्यापुढं सरकवला.

“खा.”

मी खाल्लं. वांगं आमचंच होतं, धूरही आमचाच. लसूण मात्र जिभेवर आला तो कच्च्या, सुटलेल्या तिखटपणानं, नाकात चढला. मला त्याचा आनंद झाला, हे सांगायला हवं.

“उग्र झालंय,” मी म्हणाले.

“हो.”

“ठेचलेला लसूण गोड लागतो. तुम्हीच सांगायचात.”

“आजही सांगतो. खलबत्त्याची सर याला नाही.”

“मग कशाला हवा तो घरात?”

“तुझ्या घरात नको,” नाना म्हणाले. “दोन हात असलेल्या माणसानं तो घेऊच नये. अडगळ आहे.” त्यांनी प्रेसवर बोट ठेवलं. “पण याला पाकळी सोलून लागत नाही, चारू. मला कुणाला हाक मारावी लागत नाही.”

अंगणातला धूर अजून येत होता. बाईंच्या घरातून तेलात पुरी पडल्याचा आवाज आला.

“मला हाक मारायचा तुम्हांला एवढा त्रास होतो?”

“तू हाक मारायची वेळच येऊ देत नाहीस. तहान लागायच्या आधी पेला येतो.”

“ते चुकलं माझं?”

“चूक-बरोबर म्हणत नाही मी.”

“चोरून शिकलात. माझ्यापासून चोरून.”

“तू घरात असताना मी चमचा उचलला असता, तर तू तो हातातून घेतला असतास. मायेनंच घेतला असतास.” ते थांबले, लांब वाक्यानंतर त्यांना श्वास लागे. “बाईंना मी म्हटलं, मला एका माणसाला पुरेल एवढं शिकवा. एक माणूस. त्या म्हणाल्या, चारूला सांगू का? मी म्हटलं, नको. आधी जमू दे.”

“आणि मी? मी साताऱ्याला नाही म्हणत होते, ते कुणासाठी?”

“मी म्हटलं होतं, नाही म्हण?”

“ते म्हणायला कशाला हवं?”

“तेच,” नाना म्हणाले. “मला काही म्हणायलाच मिळालं नाही.”

ते शांतपणे बोलत होते, वर्गात बोलत तसे. चुकीच्या बोटानं अक्षर दाबणाऱ्या मुलाला ते कधी रागावत नसत; मागं उभं राहून त्याचं बोट उचलत आणि योग्य जागी ठेवत.

“एक हात आजारानं नेला,” ते म्हणाले. “त्याचं काही नाही, आजार नेतोच. पण दुसरा तू घेतलास, चारू. तो मी केव्हापासून मागतोय.”

माझ्या जिभेवर त्यांचा लसूण जळत होता. मला वाटलं होतं, माझी जागा कुणीतरी घेते आहे, आणि ती व्यक्ती भिंतीपलीकडे गोधड्या वाळत घालते. तिच्याशी भांडता आलं असतं. पण माझ्यासमोर उभा होता तो एक सत्तरीचा उजवा हात, लसणाचा वास येणारा, जो आपलं काम परत मागत होता. त्याच्याशी कसं भांडायचं असतं?

“साताऱ्याला कळव, येते म्हणून,” नाना म्हणाले. “उद्याच कळव.”

“आणि तुम्ही?”

“मी आहे इथंच. दाबीन, करपवीन, खाईन.”

“पडलात तर?”

“तू इथं असतानाही पडलो होतो.”

हे खरं होतं. मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. ओट्यापाशी, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात गेली होती. सकाळी मी ती लावली नव्हती. ती त्यांनी स्वतः लावली असणार. माझा हात तिकडे जाऊ पाहत होता. मी तो मागं घेतला, ओट्याची कड धरली, आणि मला जे विचारायचं होतं ते आता विचारलं. एवढं सगळं ऐकल्यावरही मला तेच विचारायचं होतं.

“मी गेल्यावर दुपारी तुमच्यासमोर जेवायला कोण बसणार, नाना? त्या?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दयाही नव्हती. बऱ्याच लांबून चालत आलेल्या माणसाला अजून रस्ता शिल्लक आहे असं सांगितल्यावर तो जसा पाहतो, तसं ते पाहणं होतं. उजव्या हातानं त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. मग ते मागच्या दाराकडे वळले, उंबरा ओलांडला, पायरीवर एकदा थांबले. मला वाटलं, वळतील. त्यांनी अंगठा हलवून चप्पल पायात नीट सरकवली, आणि ते अंगणातल्या धुरात चालत गेले.